काहीच न घडण्याची किंमत

रविवारी संध्याकाळी खडकवासल्याला जायचं म्हणजे निम्मा वेळ सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्येच जातो. पण एकदा पाणी दिसलं की सगळे खूश. कडेला लागलेल्या गाड्या, भाजलेल्या कणसांचा धूर, कांदाभजी, तिखट-मीठ लावलेली कैरी. या जागेला पुणेकर ‘चौपाटी’ म्हणतात. समुद्र घाट उतरून पलीकडे आहे, तरीही चौपाटीच म्हणतात.

मागच्या उन्हाळ्यात मी आणि माझा एक शाळेतला मित्र तिथे बसलो होतो. तो तटरक्षक दलात नाविक आहे, सुट्टीवर आला होता. आमच्यासमोरून चार-पाच पोरं पाण्याकडे उतरली. एकाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, दुसऱ्याने मोबाइल काढला. तेवढ्यात शिट्टी वाजली. साठीकडे झुकलेला एक रखवालदार हातातली काठी टेकवत खाली आला.

“वर या रे पोरांनो. खाली गाळ आहे, पाय रुततो.”

“काका, आम्ही नेहमी येतो. काही होत नाही.”

दहा मिनिटं हुज्जत झाली. पोरं शेवटी वर आली, पण चेहरे पाडून. आमच्या शेजारी सहकुटुंब बसलेले एक गृहस्थ म्हणाले, “यांना दुसरं काम नाही. लोकांचा रविवार घालवतात नुसता.”

मित्र हसला. मी त्याला सहज विचारलं, “या काकांनी आत्ता कुणाचा जीव वाचवला का रे?”

“वाचवला असेल. नसेलही. कळणार कसं?”

पोरं पाण्यात उतरली असती तर काय झालं असतं, हे आता कुणालाच कधी कळणार नाही. त्यामुळे काकांचं काम झालं, पण ते झाल्याचा पुरावा उरला नाही. उरला तो फक्त शेजारच्या गृहस्थांचा वैताग. ज्या कामाच्या यशाचा पुरावाच उरत नाही, त्या कामाचं आपण काय देणं लागतो? आणि ते देणं चुकवायचं कसं?

चौथं दल

माझ्या मित्राच्या आईला शेजारपाजारचे विचारतात, मुलगा कुठे असतो. काकू सांगतात, “नेव्हीत.” सुरुवातीला त्या ‘कोस्ट गार्ड’ म्हणायच्या. मग पुढचा प्रश्न यायचा, “म्हणजे ते बीचवर असतात, ते?” काकूंनी समजावण्याचा नाद सोडला.

खडकवासल्यात हे घडावं यात एक गंमत आहे. इथल्या लोकांना सैन्यदलं नवीन नाहीत. पाण्याच्या पलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, म्हणजे आपली एनडीए. १९४९ मध्ये तिची पायाभरणी झाली आणि १९५४ च्या अखेरीपासून ती इथे आहे. तिच्या ‘पीकॉक बे’मध्ये कॅडेट शिडाच्या बोटी चालवायला शिकतात. कितीतरी नौदल अधिकाऱ्यांनी आपले पहिले धडे समुद्रात नाही, या धरणाच्या पाण्यात गिरवले आहेत. पण इथून बाहेर पडणारा कॅडेट लष्कर, नौदल किंवा हवाई दल या तिघांपैकी एकात जातो. तटरक्षक दलाचे अधिकारी इथे घडत नाहीत, ते केरळातल्या एझिमलाच्या नौदल अकादमीत शिकतात. त्यामुळे ज्या गावात सैन्यदलांची नावं पोरांना पाढ्यांसारखी पाठ असतात, तिथेही यादी तिनावरच संपते.

खरं तर भारतीय तटरक्षक दल हे केंद्राचं सशस्त्र दल आहे आणि ते संरक्षण मंत्रालयाखाली येतं. सत्तरच्या दशकात समुद्रमार्गे होणारी तस्करी हाताबाहेर गेली, तेव्हा रुस्तमजी समिती नेमली गेली. १ फेब्रुवारी १९७७ रोजी नौदलाकडून आलेल्या दोन जुन्या फ्रिगेट आणि पाच छोट्या गस्ती बोटींवर हे दल तात्पुरतं सुरू झालं. १९७८ मध्ये कायदा झाला. आज त्याच्याकडे वीस लाख चौरस किलोमीटरहून मोठ्या समुद्राची जबाबदारी आहे. तस्करी रोखणं, बुडणाऱ्यांना वाचवणं, तेलगळती आवरणं, मच्छीमारांना वादळाची सूचना देणं, आजारी खलाशाला भर समुद्रातून हेलिकॉप्टरने उचलणं, सगळं त्यात आलं. ‘वयं रक्षामः’ हे त्याचं ब्रीद. किनाऱ्यालगतच्या पाण्यात सागरी पोलीस असतात, त्यापुढे हे दल आणि एकूण समुद्री सुरक्षेची जबाबदारी नौदलावर.

मी मित्राला एकदा विचारलं होतं, दिवसभर नेमकं करता काय? तो म्हणाला, “गस्त. समुद्र बघतो.” काही सापडतं? “बहुतेक वेळा नाही.”

एकाच वादळाच्या दोन गोष्टी

मे २०२१ मधलं तौक्ते वादळ आठवत असेल. १७ मेच्या सुमारास मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ नावाचा बार्ज नांगर तुटून भरकटला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. नौदल आणि तटरक्षक दल उतरलं. खवळलेल्या समुद्रातून माणसं वर ओढतानाचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. १८० हून जास्त माणसं वाचली, सत्तरच्या आसपास गेली. त्या दिवशी देशाने समुद्रातल्या माणसांकडे पाहिलं.

त्याच वादळाची दुसरी गोष्ट त्याआधीच्या चार-पाच दिवसांतली आहे. तटरक्षक दलाची जहाजं आणि विमानं मासेमारीच्या बोटी शोधत, रेडिओवरून आणि भोंग्यावरून ‘परत फिरा’ असं सांगत फिरत होती. पश्चिम किनाऱ्यावरच्या हजारो बोटी वेळेत बंदरात आल्या. त्यांतल्या माणसांनी घरी जाऊन जेवण केलं, छपराला दोरखंड बांधले आणि झोपले. या गोष्टीचा व्हिडिओ नाही. असता तरी तुम्ही-आम्ही तो स्क्रोल करून पुढे गेलो असतो. बंदरात उभ्या असलेल्या बोटींत बघण्यासारखं काय असतं?

आता मोजायचं झालं तर दोन्हींपैकी जास्त जीव कशाने वाचले असतील? बहुधा दुसऱ्याने. आणि आपली कृतज्ञता कुणाच्या वाट्याला गेली? जवळजवळ सगळी पहिल्याच्या.

याला मनुष्यस्वभाव म्हणून सोडून देता येईल. अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९६८ मध्ये एका निबंधात नेमका हाच स्वभाव पकडला होता. एका लहान मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे हवेत असं कळलं की लोक धावून येतात. पण कर कमी पडल्याने इस्पितळांची अवस्था ढासळून दरवर्षी थोडे जास्त लोक मरतील असं सांगितलं, तर कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. मुलीला नाव आहे, चेहरा आहे. ‘थोड्या जास्त लोकांना’ तो नाही.

पण स्वभाव समजला म्हणजे तो योग्य ठरला असं नाही. ज्यांना आज चेहरा नाही, त्यांनाही बुडायच्या दिवशी चेहरा असणारच आहे. सातपाटीचा, हर्णैचा, मालवणचा कुणीतरी. तो कोण हे आपल्याला आज माहीत नाही, इतकाच फरक. आपल्या अज्ञानामुळे त्याच्या जिवाची किंमत कमी कशी होईल?

हे खडकवासल्याला तरी वेगळं सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याची भिंतही टिकली नाही. पुण्यातले जुने लोक अजून पुराच्या पाण्याच्या खुणा दाखवतात. पण आदल्या रात्री लष्कराचे जवान पानशेतच्या बांधावर पावसात वाळूच्या गोण्या रचत होते. त्या कष्टांमुळे धरण काही तास जास्त तगलं आणि लोंढा गाढ झोपेतल्या शहरावर येण्याऐवजी दिवसाउजेडी आला, असं मानलं जातं. धरण वाचलं नाही, पण मिळालेल्या तासांत किती माणसं घराबाहेर पडली असतील? त्यांची यादी करता येत नाही. त्यांची मुलं-नातवंडं आज याच शहरात हिंडत असतील आणि आपण कुणाचे ऋणी आहोत हे त्यांना ठाऊकही नसेल.

पण प्रत्येक शांतता सारखी नसते

इथे एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं नाही. “काही झालं नाही, म्हणजेच आमचं काम चोख आहे,” असं कुणीही म्हणू शकतं. खडकवासल्यात वाघ येऊ नये म्हणून मी रोज ताट वाजवतो आणि बघा, एकही वाघ आला नाही! मग मला पगार द्यायचा का? घडलं नाही एवढ्यावर पैसा वाटायचा तर प्रत्येक खात्याला कोरा चेक द्यावा लागेल. आणि तोच रुपया शाळेला, दवाखान्याला, शेताच्या पाण्यालाही हवा आहे.

या शंकेला २०११ सालचं एक उदाहरण बळ देतं. ‘पवित’ नावाचं एक छोटं तेलवाहू जहाज ओमानच्या बाजूला संकटात सापडलं. खलाशांनी ते सोडलं, सगळे वाचवले गेले. जहाज बुडालं असेल असं समजून विषय संपला. पण ते बुडालं नव्हतं. महिनाभर ते रिकामंच तरंगत राहिलं आणि ३१ जुलैच्या सकाळी जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. २६/११ नंतर उभ्या केलेल्या तिन्ही थरांच्या सुरक्षेला ते वेळेत दिसलं नाही. फिरायला आलेल्या लोकांनी फोटो काढले.

म्हणजे ३० जुलैच्या रात्रीही मुंबईचा समुद्र शांतच होता. पण ती शांतता राखलेली नव्हती, नशिबाने मिळालेली होती. अडचण अशी, की किनाऱ्यावर बसून भेळ खाणाऱ्याला दोन्ही शांतता अगदी सारख्याच दिसतात.

म्हणून मला वाटतं, ‘काय घडलं नाही’ हा प्रश्नच चुकीच्या ठिकाणी नेतो. त्याने दलाचं कौतुकही करता येत नाही आणि झाडाझडतीही घेता येत नाही. त्याऐवजी जे मोजता येतं ते विचारावं. किती बोटी आज, या क्षणी, निघू शकतात? किती तास समुद्रात गेल्या? हाक आल्यापासून पोचायला किती वेळ लागला? बोटीवरच्या माणसाला बोट चालवता येते का, पोहता येतं का? ही तयारी मोजता येते, त्यासाठी कुणी मरायची गरज नसते. वाघ पळवणाऱ्याला असे प्रश्न विचारले की तो गप्प होतो. खरं काम करणारा गप्प होत नाही, त्याच्याकडे अशी यादी तयारच असते. बहुतेक वेळा ती त्याने आधी दहा वेळा वर पाठवलेली असते.

बोट येते, डिझेल येत नाही

आता पैशाचं बघू. १९९३ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या शेखाडी आणि दिघीला आरडीएक्स उतरलं, त्याने मुंबई हादरली. मग महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावर ‘ऑपरेशन स्वान’ ही संयुक्त गस्त सुरू झाली. हळूहळू विषय मागे पडला. २००५ मध्ये केंद्राने किनारी सुरक्षेची योजना मंजूर केली. पहिल्या टप्प्यात देशभर ७३ सागरी पोलीस ठाणी आणि २०४ बोटी. ते काम रखडत चाललेलं असताना २००८ चा नोव्हेंबर आला. कराचीहून निघालेल्या दहा जणांनी ‘कुबेर’ ही मासेमारी बोट ताब्यात घेतली आणि रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत ते उतरले. त्यांना “कोण तुम्ही?” असं पहिल्यांदा विचारलं ते तिथल्या कोळ्यांनी. त्यांना फटकळ उत्तरं मिळाली.

त्यानंतर पैसा आला. पण २०११ मध्ये कॅगने तटरक्षक दलाच्या कामकाजावर स्वतंत्र अहवाल दिला, तेव्हाही जहाजं-विमानं गरजेपेक्षा बरीच कमी होती आणि अनेक गस्ती जहाजं आयुष्य उलटून गेल्यावरही ओढत नेली जात होती. आज चित्र काही अंशी सुधारलं आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तटरक्षक दलाला सुमारे ९,६७७ कोटी रुपये दिले आहेत, आदल्या वर्षीपेक्षा २६ टक्के जास्त. तरी ६.८१ लाख कोटींच्या एकूण संरक्षण खर्चात हा वाटा शंभर रुपयांतल्या दीड रुपयाच्याही आतच राहतो.

खरी ओढाताण एक पायरी खाली, सागरी पोलिसांकडे आहे. वेगवेगळ्या राज्यांबाबत कॅगचे अहवाल आणि बातम्या हेच सांगत आल्या आहेत: बोट आहे, पण डिझेलचं बिल थकलंय. बोट आहे, पण इंजिन दुरुस्तीला पडलंय. बोट आहे, पण चालवणारा प्रशिक्षित माणूस नाही.

बोट का मिळते आणि डिझेल का मिळत नाही? कारण बोटीला हार घालता येतो. नारळ फुटतो, फीत कापली जाते, फोटो निघतो. डिझेल जळून जातं. इंजिनातलं तेल बदललं याचं उद्घाटन कोण करणार? राखण करण्याचा खर्च हा राखणीसारखाच अदृश्य असतो. कुठल्याही हाउसिंग सोसायटीच्या सभेत बसा, हेच दिसेल. नवीन लिफ्टला हात वर होतात, लिफ्टच्या वार्षिक देखभालीला “बघू पुढच्या वेळी”.

आपल्या पूर्वजांना ही गोम कळली होती. रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यात आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातला एक सल्ला असा, की आरमाराचा खर्च बंदरातल्या उत्पन्नावर टाकू नये. त्यासाठी ठरावीक मुलूख नेमून द्यावा. नाहीतर खर्च भागवण्यासाठी व्यापाऱ्यांना त्रास होईल आणि व्यापारच बुडेल. पावसाळ्याआधी गलबतं सुरक्षित बंदरात आणावीत, ती कशी ठेवावीत, हेही त्यात आहे. आपण शिवाजी महाराजांच्या आणि कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं स्टेटस ठेवतो. ते आरमार ज्या हिशेबावर तरंगत होतं, त्या कंटाळवाण्या पानांचं ठेवत नाही.

सलाम स्वस्त असतो

यावर एक उत्तर येतं, की लोकांना किंमत कळली की पैसा आपोआप येईल, म्हणून आदर वाढवा. ब्रिटनमध्ये आरएनएलआय ही लाइफबोट संस्था १८२४ पासून मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालते, बोटीवरचे बहुतेक लोक स्वयंसेवक असतात. लोकांचं तिच्यावर प्रेम आहे. २०२१ मध्ये, इंग्लिश खाडीत बुडणाऱ्या स्थलांतरितांना वाचवल्याबद्दल तिच्यावर टीका झाली. तेव्हा देणग्या उलट वाढल्या. सुंदर गोष्ट आहे. पण मला तिची थोडी भीतीही वाटते. देणग्या उलट्या दिशेनेही गेल्या असत्या. माणसाला बुडू द्यायचं की नाही, हे त्या महिन्यात लोकांचा मूड कसा आहे यावर ठरावं का?

आपल्याकडे त्याचं दुसरं रूप आहे. किनाऱ्यावरच्या गावांत ‘सागर रक्षक दला’चे स्वयंसेवक आहेत. बहुतेक मच्छीमार. त्यांना समुद्राचे ‘डोळे आणि कान’ म्हटलं जातं. ते खरंच आहे, त्यांच्याइतकं पाणी कुणाला कळतं? पण डोळ्यांना आणि कानांना पगार नसतो. ज्या कोळ्याची दिवसाची मासळी हुकली, त्याला प्रशस्तिपत्राने घर चालवता येत नाही.

आदर आणि पैसा यांत मला आता असा फरक वाटतो. आदर ही माझी भावना आहे. ती मी कुणाला द्यावी, कधी द्यावी, हे मी ठरवतो. डिझेल ही भावना नाही. ते एका अनोळखी माणसाला दिलेलं वचन आहे: तू कोण हे मला माहीत नाही, पण ज्या रात्री तू हाक मारशील त्या रात्री बोट निघेल. हे वचन माझ्या मूडवर, व्हिडिओवर किंवा १५ ऑगस्टवर अवलंबून असू नये. म्हणून कदाचित त्यासाठी देणगी नाही, कर लागतो. आणि कर कुठे गेला हे विचारणारे लोक लागतात. सलाम करायला दोन सेकंद पुरतात. आपल्या जिल्ह्यातल्या किती बोटी चालू आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारायला एक संध्याकाळ जाते.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ फेरीबोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि पंधरा जण गेले. लगेच लाइफ जॅकेटची सक्ती झाली. जॅकेट १७ डिसेंबरलाही तेवढंच उपयोगी होतं. ते घाला म्हणणाऱ्याला मात्र त्या दिवशी कुणीतरी नक्कीच म्हटलं असतं, “काका, काही होत नाही.”

त्या संध्याकाळी निघताना आम्ही रखवालदार काकांना चहा दिला. मित्राने त्यांना त्याच्या कामातला नेहमीचा प्रश्न विचारला, “कुणी पाण्यात गेलाच तर टाकायला काय आहे तुमच्याकडे?”

काकांनी काठी दाखवली, गळ्यातली शिट्टी दाखवली. “दोरी आणि ट्यूब मागितलीय,” ते म्हणाले. “पावसाळ्याच्या आत देतो म्हणालेत.”

“कुठल्या पावसाळ्याच्या?”

काका हसले. तेवढ्यात खाली पुन्हा कुणीतरी चपला काढून कडेला ठेवत होतं. त्यांनी अर्धा चहा कठड्यावर ठेवला, शिट्टी तोंडात धरली आणि उतरायला लागले.